घोडीच्या छत्रीवरून घरपाहणी

यवतमाळात पाहुणा आला की त्याला दोन गोष्टी दाखवायची रीत होती. एक कापसाचा बाजार आणि दुसरी घोडीची छत्री. कापसाने पाहुणा शिंकायचा आणि छत्रीने धापा टाकायचा, तरी गावाचा दाखवायचा उत्साह काही कमी होत नव्हता.

छत्री म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीच्या उतारावर उभे केलेले चार दगडी खांब, वर घुमट आणि मध्ये ओबडधोबड चौथरा. कुणा गोऱ्या साहेबाची घोडी टेकडी चढता चढता तिथे बसली ती पुन्हा उठलीच नाही, म्हणून साहेबाने तिची आठवण बांधली, असं लोक सांगायचे. साहेबाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. घोडीचं नाव मात्र मोती होतं, यावर सगळ्यांचं एकमत होतं. छत्रीत उभं राहिलं की खालचं गाव परातीत मांडून ठेवल्यासारखं दिसायचं.

एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर एका सोमवारी गुलाम नबी पिंजारी ही टेकडी चढत होता, तेव्हा त्याला ना घोडीचं सोयरसुतक होतं ना देखाव्याचं. त्याला आपल्या पोरीचं लग्न जमवायचं होतं. आता पोरीचं लग्न आणि मेलेली घोडी यांचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. तो संबंध नेरच्या सुग्राबींनी जोडला होता.

सुग्राबी म्हणजे मुलाची आत्या. मुलगा रौशन नेरला जिनिंगमध्ये मिस्त्री होता, कामाला वाघ आणि बोलायला गाय. त्याचे वडील रहमतभाई शिवणकाम करत आणि सगळ्या गोष्टींना "हो" म्हणत. घरात "नाही" म्हणायचं खातं सुग्राबींकडे होतं. अख्खं नेर त्यांना आपा म्हणायचं. आपांनी घाटंजीच्या एका लग्नात गुलाम नबीच्या गुलनारला पाहिलं, अर्धा तास बोलतं केलं आणि पसंतीची मान अर्धी हलवली. उरलेली अर्धी मान घर पाहिल्याशिवाय हलणार नव्हती.

पण घर पाहायचं ते घरात पाऊल न टाकता. हा आपांचा नियम होता आणि तो उगाच झाला नव्हता. थोरल्या पुतण्याच्या वेळी त्या मुलीकडे गेल्या, आग्रहाला बळी पडल्या आणि पुलावाची दोन ताटं जेवल्या. ज्यांचं नमक खाल्लं त्यांना नाही कसं म्हणायचं? झालं. ती सून आता नेरला बसून आपांनाच स्वयंपाक शिकवत होती. तेव्हापासून आपांनी ठरवलं होतं, होकार देईपर्यंत मुलीच्या उंबऱ्याला शिवायचं नाही आणि तिच्या बापाच्या हातचा दाणाही तोंडात टाकायचा नाही. बरं, गल्लीतून जाता जाता घर पाहावं, तर दारासमोरून पाहुण्याला जाऊ देणारा पिंजारी अजून जन्मायचा होता. म्हणून आपांनी पत्रात कळवलं, सोमवारी पहिल्या मोटारीने येतो, आम्हाला छत्रीवर न्या आणि तिथून घर दाखवा.

पत्र शनिवारी आलं आणि गुलाम नबी हरखून गेला. गुलनारची आई ती पाच वर्षांची असतानाच गेली होती. बापलेक दोघंच. आधी दोन स्थळं आली होती आणि दोन्हींना गुलनारने एका शब्दात वाटेला लावलं होतं. रौशनचं नाव काढल्यावर मात्र ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही म्हणसान तसं, अब्बा." ही पोरगी वरणात मीठ किती घालायचं हेसुद्धा कधी बापाला विचारत नव्हती. ती "तुम्ही म्हणसान तसं" म्हणते याचा अर्थ गुलाम नबीला बरोबर कळला. आता हे स्थळ हातचं गेलं तर पोरीला तोंड दाखवायची सोय नव्हती.

घराची त्याला काळजी नव्हती. त्याच उन्हाळ्यात त्याने जुने मातीचे कवेलू काढून घरावर नवं कोरं टिन टाकलं होतं. त्या टिनाचं त्याला इतकं वेड लागलं होतं की कामावर निघाला की तो गल्लीच्या वळणापर्यंत उलटा चालत जायचा, छप्पर पाहत पाहत. त्यात दोनदा गटारात गेला. काळजी एवढीच होती की टेकडीवरून हजार घरांतून आपलं घर आपांना नेमकं दिसायचं कसं? रात्रभर विचार करून त्याने तोड काढली. सोमवारी सूर्य उगवायच्या आत तो शिडी लावून वर चढला आणि घरातली लाल खारव्याची मोठी रजई त्याने टिनावर पसरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.

"वरून लाल दिसलं की थे आपलं घर," तो खाली उतरून गुलनारला म्हणाला. "काही चुकाचं कामच नाही."

"पण अब्बा, आज तर—"

"आज पणबीण काही नाही. संध्याकायपर्यंत त्या रजईले हात लावू नको." आणि तो मोटार स्टँडकडे पळाला.

आपा मोटारीतून उतरल्या त्या स्वतःची सुरई आणि स्वतःच्या भाकरीचं गाठोडं घेऊनच. गुलाम नबीने वाटेत खायला खारे दाणे आणले होते. आपांनी त्यांच्याकडे साप पाहावा तसं पाहिलं. मग मोटारीतून मागाहून उतरलेल्या रहमतभाईंना धरून तिघं टेकडीला लागले. आपांची साठी उलटली होती, पण त्या सगळ्यांच्या पुढे. त्यांच्या मागे गुलाम नबी तोंडाने टिनाची तारीफ करत, आणि सगळ्यांत मागे रहमतभाई, प्रत्येक मोठ्या दगडावर बसून "चला, चला, मी आलोच" म्हणत.

छत्रीवर नगरपालिकेचा राखणदार होता, पंजाबराव. उंच, वाळका आणि शांत माणूस. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. तिथे पंचशील घेतलं तेव्हा ज्या पाच गोष्टी सोडल्या, त्यांत खोटं बोलणं सोडणं त्याला सगळ्यात जड गेलं, कारण त्याआधी तो पाहुण्यांना घोडीची गोष्ट सांगायचा. साहेब कसा रडला, घोडीने शेवटी कशी मान टाकली, सगळं हातवारे करून. आता कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "घोडी होती म्हणतात. मी काही पायली नाही." पाहुणे हिरमुसले होऊन परत जायचे, पण पंजाबरावाला रात्री झोप चांगली लागायची.

"या नबीभाऊ," तो म्हणाला. "आज पाहुणे घेऊन आले काय?"

"हो. यायले मायं घर दाखवाचं हाये," असं म्हणत गुलाम नबी ऐटीत दोन खांबांच्या मध्ये उभा राहिला, हात लांब केला, गावाकडे पाहिलं, आणि त्याचा हात तसाच हवेत राहिला.

खाली सगळं गाव लाल झालं होतं.

धाब्याच्या घरांवर लाल, कवेलूंवर लाल, टिनांवर लाल. कुंपणांवर, बाजांवर, गोठ्यांच्या छपरांवर, जिथे म्हणून ऊन पोचत होतं तिथे त्याच लाल खारव्याच्या गाद्या, रजया, लोड आणि उशा पसरलेल्या होत्या. आणि हे कुणी केलं ते गुलाम नबीला एकदम आठवलं. हे त्यानेच केलं होतं.

थंडी पडायच्या आधी गावभर फिरून जुन्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचा, हा त्याचा दरवर्षीचा धंदा. आणि त्याचाही एक नियम होता. दमट कापूस पिंजणाच्या तातीला, म्हणजे ताणलेल्या दोरीला चिकटतो, म्हणून पिंजायच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने आपलं अंथरूण-पांघरूण दिवसभर उन्हात तापवलं पाहिजे. ज्याची गादी तापलेली नसेल त्याच्या दारात तो पिंजणच टेकवायचा नाही. गेल्याच आठवड्यात घरोघर जाऊन तो सांगून आला होता, "मंगयवारी येतो. सोमवारी ऊन दाखवा, नाहीतर थंडीत कुडकुडा." मग शनिवारी आपांचं पत्र आलं आणि आनंदाच्या भरात तो सोमवार हा सोमवार आहे हेच विसरला. हे गाव कुणाच्या बापाचं ऐकत नाही. यंदा मात्र झाडून सगळ्यांनी पिंजाऱ्याचं ऐकलं होतं.

"हं, दाखवा," आपा म्हणाल्या.

माणसाने अशा वेळी खरं बोलून मोकळं व्हावं. पण पोरीच्या लग्नाची गोष्ट असली की बापाची अक्कल सगळ्यात आधी पायउतार होते. गुलाम नबीने बोट दामटून पुढे केलं.

"थे पाहा आपा, लिंबाच्या बाजूचं. लाल दिसून राह्यलं ना? थे मायं घर."

आपांनी कपाळावर हात धरला. त्यांची नजर घारीची होती. "थे? चांगलं लांबरुंद हाये."

"माशाअल्ला, चांगलं हाये," रहमतभाई दगडावरून म्हणाले.

पंजाबराव खाकरला. "नबीभाऊ, थो कोंडवाडा व्हय."

गुलाम नबीने त्याला डोळा मारला.

"डोयात कचरा गेला काय?" पंजाबरावाने काळजीने विचारलं. "या, फुंकर मारतो."

"कोंडवाड्यावर रजया कायच्या?" आपा म्हणाल्या.

"तिकडच्या भिंतीवर ऊन चांगलं पडते. शेजारचे लोकं टाकतात," पंजाबराव म्हणाला.

"हो, आत एक म्हैस उभी हाये. मले दिसून राह्यली," आपा म्हणाल्या.

"थे आमची नाही," गुलाम नबी घाईघाईने म्हणाला. "बोट जरा सरकलं मायं. त्याच्या मागचं पाहा, माडी असलेलं. थे."

"माशाअल्ला, हेही चांगलं हाये," रहमतभाई म्हणाले.

आपा पाहत राहिल्या. त्या माडीवर एक उघडाबंब माणूस आला, त्याने लंगोट कसला आणि तो रजयांच्या मधोमध जोर काढू लागला.

"थो माणूस कोण व्हय?" आपांनी विचारलं.

गुलाम नबीने तोंडाला आलं ते सांगितलं. "पाहुणा."

"तुम्ही अथी, पोट्टी घरात एकटी, आन् वर पाहुणा जोर काढून राह्यला?"

"पाहुणा म्हंजे भाऊ. मायाच भाऊ."

"घाटंजीले तर म्हणालते, मले भाऊ नाही."

"चुलत हाये, आपा."

तेवढ्यात माडीवर एक जाडजूड बाई आली आणि काठीने गादी बडवू लागली. धुळीचा लोट उठला. जोर काढणारा माणूस खोकत खोकत उठला, तर तिने एक फटका त्यालाही दिला. तो लंगोट सावरत जिन्याकडे पळाला.

"आन् हे?"

"चुलतभावजय," गुलाम नबी म्हणाला. "स्वभावानं गरीब हाये." एकीकडे तो पंजाबरावाचा हात घट्ट दाबत होता. "पंजाबराव, जरा पाणी आण ना भाऊ खालून."

"पाणी तर आपांच्या सुरईत हाये," पंजाबराव म्हणाला. "हात कायले दाबून राह्यले, नबीभाऊ? मले बोलाच लागन. थे फुलचंद शेठचं घर व्हय. शेठ रोज याच वक्ताले जोर काढतात आन् शेठाणी रोज याच वक्ताले त्यायले हाकलते. मी रोज पायतो."

आपांनी शांतपणे सुरईचं तोंड फडक्याने बांधलं, भाकरीचं गाठोडं काखेत मारलं आणि चपला पायात सरकवल्या.

"चल रहमत," त्या म्हणाल्या. "ज्या माणसाले सोताचं घर सापडत नाही, त्याच्यासंगं सोयरीक कायची करतं?"

आता मात्र गुलाम नबीचा धीर सुटला. तो मटकन चौथऱ्यावर बसला. घरी गेल्यावर गुलनार काही विचारणार नाही, नुसती तोंडाकडे पाहील आणि चुलीकडे वळेल, हे त्याला समोर दिसत होतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की घोडीसारखं इथेच बसून राहावं आणि पुन्हा उठूच नये असं झालं.

"आपा, खोटं बोललो," तो म्हणाला. "मले मायं घरच सापडून नाही राह्यलं. मी पोट्टीले म्हटलं का छपरावर लाल रजई टाकतो, म्हंजे वरून दिसन. आन् मीच साऱ्या गावाले सांगून ठेवलतं का सोमवारी रजया उन्हात टाका. इसरलो. चाळीस वर्सं झाली त्या घरात राहून, आन् आता सारं गावच मायं घर दिसून राह्यलं."

"हे मात्र खरं हाये," पंजाबरावाने साक्ष दिली. "मले बी सांगतलतं. मायी गादी बी आज उन्हातच हाये."

आपा दोन पायऱ्या उतरल्या होत्या. तेवढ्यात रहमतभाई एकदम डोळ्यांवर हात घेऊन मागे कलंडले.

"या अल्ला, थे काय व्हय?"

खाली, त्या सगळ्या लालीच्या मध्ये, एक लाल चौकोन हळूहळू गुंडाळला जात होता. आणि तो जसजसा गुंडाळला जात होता, तसतसं त्याच्या खालून कोरं करकरीत टिन उघडं पडत होतं. वर चढलेलं ऊन त्याच्यावर पडून असं लखलखत होतं की बघवेना. सगळ्या गावात तेवढं एकच छप्पर उघडं होतं. त्याच्या कडेला एक लहानसा ठिपका गुडघ्यांवर बसून रजईची घडी घालत होता.

"एवढंच मले दिसलं," रहमतभाई डोळे चोळत म्हणाले. "सकायपासून समोर काहीच दिसून नव्हतं राह्यलं. चष्मा नेरले राह्यला."

"मंग मघापासून माशाअल्ला कायले म्हणून राह्यला होता?"

"तुम्ही सारे पाहून राह्यलते, म्हणून."

आपांनी भावाकडे पाहिलं. त्या पाहण्याचा बाकीचा भाग नेरला पोचल्यावर मिळणार होता. मग त्या दोन पायऱ्या परत चढल्या. "थे कोण व्हय वर?"

गुलाम नबी उठून खांबाला धरून उभा राहिला होता. ते गल्लीचं वळण, ते गटार, ते टिन. आता कसं सगळं जागच्या जागी दिसत होतं. "मायी गुलनार," तो म्हणाला.

"रजई काहून काढली तिनं? तुम्ही सांगतलतं काय?"

इथे एक लहानसं "हो" म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण पंजाबराव बाजूलाच उभा होता, आणि आज पुरे झालं होतं.

"नाही. मी म्हटलं होतं, संध्याकायपर्यंत हात लावू नको."

"म्हंजे बापाचं ऐकलं नाही."

"नाही ऐकलं," गुलाम नबी खाली मान घालून म्हणाला.

आपा बराच वेळ त्या छपराकडे पाहत राहिल्या. ठिपक्याने घडी घातलेली रजई डोक्यावर घेतली, पण तो खाली काही उतरला नाही. टेकडीकडे तोंड करून तसाच उभा राहिला.

"बरं झालं नाही ऐकलं," आपा म्हणाल्या. "ऐकलं असतं तर आपण अथी मगरिबच्या अजानपर्यंत कोंडवाडे पायत बसलो असतो. सारं गाव लाल झालं, आता बापाले घर कसं सापडन, हे तिले घरी बसून समजलं. तुमाले अथी उभं राहून समजलं नाही. एक सांगा, असं आरशासारखं टिन घरावर असताना त्याच्यावर रजई झाकाची अक्कल कोनाची?"

"मायी."

"मले वाटलंच."

मग आपांनी राहिलेली अर्धी मान हलवली. चांगली दोनदा हलवली, म्हणजे कुणाला शंका नको.

"पोट्टी आमची झाली समजा," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात एक तरी अक्कलवालं माणूस पाहिजे. बाप मात्र अथीच राहू द्या."

रहमतभाई हसले, आपा पदर तोंडाला लावून हसल्या, पंजाबरावसुद्धा मोठ्याने हसला. गुलाम नबी तर पोट धरून हसला. केवढं ओझं उतरलं होतं. आणि हसता हसताच त्याच्या ध्यानात आलं की आपा बोलल्या ते अगदी खरं आहे. पोरगी नेरला जाणार होती आणि बाप इथेच राहणार होता, त्या लखलखत्या छपराखाली, एकटा. त्याने हसणं थांबवलं नाही, पण टिनावरच्या त्या ठिपक्यावरून त्याला नजर काही काढवेना.